'से अगेन' म्हणायला शिकताना

आम्ही चौघी एकाच उर्दू हायस्कूलमध्ये शिकवतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, खाडीकाठच्या एका गावात आमची शाळा आहे. चौघींचे वय तिशीतले, चौघींचे शिक्षण पहिलीपासून दहावीपर्यंत उर्दू माध्यमातून झालेले, आणि चौघींकडे बी.एड.ची पदवी. त्यातही दोघींनी बी.एड.ला इंग्रजी ही अध्यापन पद्धती घेतली होती. म्हणजे इंग्रजी कसे शिकवावे याचे प्रमाणपत्र आमच्याजवळ होते. इंग्रजी बोलता येते का, हे मात्र आम्हाला कधी कोणी विचारले नव्हते. आम्हीही तो विषय काढला नव्हता.

तो विषय निघाला २०१७ च्या उन्हाळ्यात. तालुक्याच्या ठिकाणी शिक्षकांचे प्रशिक्षण होते. पहिल्याच दिवशी साधनव्यक्ती म्हणाले, "प्रत्येकाने स्वतःविषयी दोन मिनिटे इंग्रजीत बोलायचे." पाळी पुढच्या बाकापासून सुरू झाली. आम्ही अर्थातच मागच्या बाकावर. आमच्यातली एक पाणी प्यायला म्हणून उठली ती चहाच्या सुट्टीपर्यंत परतलीच नाही. दुसरी नाव, गाव आणि 'आय टीच हिस्टरी' एवढे बोलून खाली बसली, तेव्हा तिच्या ओढणीची कड घामाने भिजली होती. तिसरीने घशाला हात लावून आवाज बसल्याची खूण केली. चौथीची पाळी यायच्या आत वेळ संपली आणि तिने मनातल्या मनात अल्लाहचे शुक्र मानले.

परतीच्या एस.टी.त आम्ही एकमेकींची नक्कल करून खूप हसलो. पण ते हसणे घाट उतरेपर्यंतच टिकले. पुढे गाव येईपर्यंत कोणी बोलले नाही.

आमच्या पिढीला इंग्रजी भेटली ती पाचवीत, १९९८ च्या आसपास. २००० साली राज्य शासनाने सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले, तेव्हा आम्ही सातवी-आठवीत होतो. धाकटी भावंडे घरात इंग्रजी बडबडगीते म्हणत फिरायची आणि आम्ही त्यांच्याकडे जरा हेव्याने पाहायचो. उर्दूची वही उजवीकडून उघडते, इंग्रजीची डावीकडून. वह्यांची काटकसर असे, म्हणून आम्ही एकाच वहीत एका बाजूने उर्दू आणि दुसऱ्या बाजूने इंग्रजी लिहायचो. दोन्ही भाषा वहीच्या मध्यावर येऊन एकमेकींकडे पाठ करून थांबायच्या. आमच्या डोक्यातही त्या तशाच थांबून राहिल्या.

घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी, मक्तबमध्ये अरबी. एवढ्या भाषांत वाढलेल्या मुलींना पाचवी भाषा जड जायला नको होती. पण ती आम्हाला भाषा म्हणून मिळालीच नाही. सर एक वाक्य वाचायचे, त्याचा उर्दू तर्जुमा सांगायचे आणि आम्ही तो पेन्सिलीने ओळीच्या वर लिहून घ्यायचो. वर्षअखेरीस इंग्रजीच्या पुस्तकात इंग्रजीपेक्षा उर्दूच जास्त दिसे. सकाळी मक्तबमध्ये आम्ही कुराणाचा नाझरा करत होतो. अर्थ कळत नसला तरी शुद्ध पढण्यात सवाब आहे, हे आम्हाला ठाऊक होते. इंग्रजीलाही आम्ही नकळत तोच न्याय लावला. पढता आले की झाले! पण तिथे ना अर्थ मिळाला, ना सवाब. मिळाले ते पास होण्यापुरते ३५ गुण.

याहून मोठी गोष्ट आम्ही वर्गात शिकलो, ती म्हणजे मान हलवणे. मोठ्यांपुढे गप्प बसणे हा अदब. शंका विचारणे म्हणजे उस्तादांचे शिकवणे अपुरे पडले असे सुचवणे. त्यातून मुलीची जात. "समझ में आया?" असे सरांनी विचारले की चाळीस माना एकदम हलत आणि चाळीस तोंडांतून "जी सर" निघे. हे 'जी सर' आमच्या आयुष्यातले सर्वांत अस्खलित वाक्य होते. अदब ही आपल्या तहजीबमधली फार मोलाची गोष्ट आहे, यात शंका नाही. पण आमच्या त्या गप्प बसण्यात अदब किती होता आणि भीती किती, हे आम्ही कधी निवडून पाहिले नाही. पुढे आम्ही शिक्षिका झालो आणि तेच "समझ में आया?" आमच्या मुलींना विचारू लागलो.

त्याच वर्षी आमची एक विद्यार्थिनी दहावीला ८८ टक्के गुण घेऊन शाळेत पहिली आली. वडील मासळीचा धंदा करणारे. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. मुलीला शास्त्र शाखेला जायचे होते, नर्सिंग किंवा फार्मसी करायची होती. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश मिळाला. आपल्या मुलांना दहावीपर्यंत विज्ञान आणि गणित उर्दूत असते आणि अकरावी शास्त्र शाखेत पाऊल टाकले की सगळे इंग्रजीत. मध्ये सुट्टीचे दोन-तीन महिने, आणि त्यात हा सगळा पूल एकट्या मुलाने बांधायचा असतो.

नोव्हेंबरमध्ये ती आम्हाला बाजारात भेटली. कॉलेज सोडले होते. आम्ही कारण विचारले तर म्हणाली, "टीचर, मला सगळं येत होतं. सर ज्याला फोटोसिंथेसिस म्हणत होते ती आपली जियाई तालीफ, हे मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं. तोवर चाचणी होऊन गेली होती."

"मग सरांना विचारलं का नाहीस?"

"सगळे मान हलवत होते, टीचर. मीही हलवली."

जियाई तालीफ म्हणजे प्रकाशसंश्लेषण. हिरवे पान सूर्यप्रकाशात आपले अन्न कसे तयार करते, हे ती मुलगी आकृती काढून समजावून सांगू शकत होती. तिला विज्ञान येत नव्हते असे नाही. तिच्याकडे फक्त त्या गोष्टीचे दुसरे नाव नव्हते आणि ते नाव विचारण्याची हिंमत नव्हती. नाव आम्ही दिले नाही. हिंमतही आम्ही दिली नाही. मान हलवण्याची तालीम मात्र दिली होती. त्या संध्याकाळी आम्ही चौघी एकमेकींच्या घरी गेलो नाही, फोनही केला नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मात्र सगळ्यांना एकच विषय बोलायचा होता.

आमच्यातील एकीचे अब्बा जहाजावर सुकाणी होते. शिक्षण सातवी. आयुष्यातली तीसेक वर्षे समुद्रावर काढून ते आता ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करतात. त्यांची इंग्रजी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि तिच्यावर हसतही आलो होतो. क्रियापद कुठल्या कुठे, काळाचा पत्ता नाही. पण ती इंग्रजी कधी अडत नसे. गावात कोणी परदेशी पाहुणा आला की बी.एड.वाल्या आम्ही दाराआड आणि सातवी पास अब्बा पुढे. एका रविवारी आम्ही त्यांना सरळ विचारले, "तुम्हाला भीती नाही वाटायची?"

अब्बा म्हणाले, "अगो, कप्तान ग्रीक, इंजिनिअर पोलंडचा, भंडारी गोव्याचा आणि बाकीचे फिलिपिनी. कोणाचीच इंग्रजी त्याच्या बापाची नव्हती. पण जहाज बंदराला लागायचं ना?"

मग त्यांनी सुकाण्यावरची रीत सांगितली. अधिकारी म्हणाला 'पोर्ट टेन', की सुकाण्याने मोठ्याने 'पोर्ट टेन' म्हणायचे आणि मगच चाक फिरवायचे. ऐकू आले नाही, कळले नाही, तर म्हणायचे 'से अगेन'. "दहा वेळा म्हणा, कोणी रागवत नाही," अब्बा म्हणाले. "पण न कळता मान हलवलीत की जहाज खडकावर. जहाजावर सगळ्यात धोक्याचा माणूस तोच, न कळता मान हलवणारा."

आम्ही चौघींनी एकमेकींकडे पाहिले. अब्बांना त्या मुलीची गोष्ट माहीत नव्हती.

पुढे वाचताना कळले की ही केवळ अब्बांची सवय नव्हती. जहाजांवर अनेक देशांचे लोक एकत्र काम करतात आणि बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. म्हणून २००१ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने साध्या इंग्रजीतील ठरावीक वाक्यांचा एक संच मंजूर केला. सुकाण्यावरचा प्रत्येक हुकूम सुकाण्याने पुन्हा उच्चारावा आणि तो नीट पाळला गेला की नाही हे अधिकाऱ्याने पाहावे, असे त्यात सांगितले आहे. 'से अगेन' हाही त्यातलाच प्रयोग. म्हणजे 'मला कळले नाही' हे सांगणे तिथे कमीपणा मानले जात नाही, कामाचा भाग मानले जाते.

आणखी एक गोष्ट वाचून तर आमची मान जरा ताठ झाली. १८११ साली थॉमस रोबक या इंग्रज अधिकाऱ्याने कोलकात्यात इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक कोश छापला. जहाजावरचे खलाशी आपले, त्यांना हुकूम द्यायचा तर गोऱ्या अधिकाऱ्यालाच त्यांची बोली शिकणे भाग होते. सारंग, टंडेल, लष्कर हे शब्द १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात इंग्रजीत रुळलेले शब्द म्हणून नोंदलेले आहेत. लष्कर म्हणजे तिथे फौज नव्हे, जहाजावरचा खलाशी. सुकाणीही त्या कोशात आहे. जी भाषा आमच्या आजोबा-पणजोबांचे शब्द पदरात बांधून बसली आहे, तिच्या दारात आम्ही इतके अंग चोरून का उभे होतो?

२०१८ च्या जानेवारीत आम्ही स्टाफरूममध्ये नियम केला. मधल्या सुट्टीत डबा खाताना दहा मिनिटे फक्त इंग्रजी. पहिल्या दिवशी चार मिनिटे नुसता चमच्यांचा आवाज झाला. मग एकजण म्हणाली, "टुडे फिश." दुसरी म्हणाली, "यस. फिश." एवढ्यावर पहिला दिवस संपला. पण कोणी पाणी प्यायला उठून गेली नाही, हीच मोठी गोष्ट.

हळूहळू तीन गोष्टी आम्ही ठरवल्या. बोलणारीला मध्येच थांबवायचे नाही, चूक नंतर सांगायची. शब्द अडला तर उर्दू किंवा मराठी शब्द टाकून पुढे जायचे, वाक्य अर्धे सोडायचे नाही. आणि कळले नाही तर मान न हलवता 'से अगेन' म्हणायचे.

भाषा शिकवणाऱ्यांमध्ये ४-३-२ नावाची एक साधी पद्धत आहे. पॉल नेशन या न्यूझीलंडच्या अभ्यासकांनी तिच्याविषयी लिहिले आहे. एकच हकिकत पहिल्या श्रोत्याला चार मिनिटांत सांगायची, तीच दुसऱ्याला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. आम्ही चौघी, त्यामुळे प्रत्येकीला नेमक्या तीन श्रोत्या मिळाल्या. पहिल्या खेपेला धापा लागायच्या. तिसऱ्या खेपेला तीच गोष्ट अशी सुरळीत निघे की बोलणारीच चकित व्हायची. अस्खलितपणा हा काही जन्मजात हुन्नर नाही, एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की तो येतो, हे तेव्हा अंगाने कळले. मोबाइलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकणे ही त्याहून कठीण परीक्षा. पहिल्यांदा ऐकले तेव्हा आपण इतके घाबरलेले वाटतो, याचेच वाईट वाटले.

आमचे मोठे दुखणे होते तर्जुमा. मनात वाक्य यायचे कोकणीत, त्याचे उर्दू करायचे, उर्दूचे इंग्रजी करायचे. तोवर समोरचा माणूस निघून जायचा. मग आम्ही सुटे शब्द पाठ करणे सोडून आख्खी वाक्येच तोंडात बसवू लागलो. दुकानात, दवाखान्यात, वर्गात रोज लागणारी साठ-सत्तर वाक्ये. ती तयार असली की डोक्याला पुढचा विचार करायला सवड मिळते.

उच्चारांचा धसका तर सगळ्यांत मोठा. उर्दूत 'स्कूल' लिहिताना आधी अलिफ येतो, म्हणून तोंडातूनही 'इस्कूल', 'इस्टेशन' निघते. उर्दूचा वाव एकच, त्यामुळे इंग्रजीतले व्ही आणि डब्ल्यू आमच्या तोंडी सारखेच. पण उर्दूने दिलेले धनही थोडे नाही. जे आणि फे यांमुळे झेड आणि एफ यांचे उच्चार आमच्या पहिलीतल्या मुलालाही सहज साधतात. आणि झेर-झबर-पेश न लावलेला मजकूर संदर्भाने वाचायची उर्दूवाल्यांना सवयच असते, म्हणून इंग्रजीच्या लहरी स्पेलिंगशीही आमच्या मुलांचे लवकर जमते, असा आमचा अनुभव आहे. जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश अभ्यासिकेने २००० साली एक पुस्तक लिहिले. निरनिराळ्या मातृभाषांचे लोक इंग्रजीत बोलतात तेव्हा कुठल्या उच्चारांनी खरोखर अडचण होते आणि कुठल्यांनी होत नाही, हे त्यांनी त्यात मांडले. टी-एच अक्षरांचा तो जिभेला पीळ देणारा उच्चार न जमल्याने सहसा काही बिघडत नाही, असे त्यांचे म्हणणे. ज्या थ-द साठी आम्ही बी.एड.च्या पाठात बोलणी खाल्ली होती, ते थ-द आम्ही मग आनंदाने ठेवून घेतले. 'इस्कूल' मात्र प्रयत्नाने 'स्कूल' केले. मेमसाहेबासारखे बोलायचे आमचे ध्येय नव्हतेच. समोरच्याला कळले पाहिजे, एवढेच.

इथे एक कबुली द्यायला हवी. आमच्या चौघींपैकी दोघींची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. समाजाच्या सभेत उर्दूचे गोडवे गायचे आणि स्वतःच्या मुलाला टाय बांधून इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवायचे, हा दुटप्पीपणा आमचाच आहे. एकीचा मुलगा तिसरीत असताना पालकसभेला निघालेल्या आईला म्हणाला, "अम्मी, तू तिथे काही बोलू नको हां." ती त्या दिवशी बोलली नाही. घरी येऊन मात्र खूप रडली. मुलाला इंग्रजी आली खरी. पण दादीचे उर्दू खत त्याला वाचता येत नाही, आणि आईची लाज वाटते. इंग्रजी अशा किमतीला घ्यायची नाही, यावर आमचे एकमत झाले. आणि इंग्रजी नको म्हणून मुलींना अकरावीच्या दारात एकटे सोडायचे, हेही आता होणे नाही. उर्दू सोडून इंग्रजीकडे धावायचे की इंग्रजीला पाठ फिरवून उर्दूला कवटाळायचे, हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. उर्दूच्या ओट्यावर उभे राहून इंग्रजीला घरात बोलवायचे आहे.

म्हणून आठवी ते दहावीच्या वर्गांत आम्ही भिंतीवर मोठे कागद लावले. तीन रकाने. उर्दू, मराठी, इंग्रजी. खलिया, पेशी, सेल. कशिशे-सकल, गुरुत्वाकर्षण, ग्रॅव्हिटी. पहिला शब्द अर्थातच जियाई तालीफ. रोज दोन-तीन शब्दांची भर मुलींनीच घालायची. आणि वर्गात आम्ही स्वतः इंग्रजी बोलू लागलो, चुकत-माकत, इतिहासाच्या तासालाही.

एके दिवशी आमच्यातली एक आठवीच्या वर्गात 'चिल्ड्रन्स' म्हणाली. मागून एक मुलगी उठली आणि घाबरत म्हणाली, "टीचर, चिल्ड्रन. एस नाही." वर्ग एकदम चिडीचूप. ती मुलगीही आपण काय बोलून बसलो म्हणून पांढरी पडली. ते दोन-चार क्षण फार लांबले. आमच्या लहानपणी अशा मुलीला बाकावर उभे केले असते. टीचरच्या चेहऱ्यावरही जुनी शिक्षिका क्षणभर येऊन गेली, असे तिनेच नंतर आम्हाला सांगितले. मग ती म्हणाली, "थँक यू. चिल्ड्रन." आणि तो शब्द तिने फळ्यावर लिहिला. त्या आठवड्यात त्या वर्गात जितके प्रश्न विचारले गेले, तितके त्याआधीच्या वर्षभरात विचारले गेले नव्हते. अदब कुठे गेला नाही. भीती मात्र थोडी गेली.

२०१९ मध्ये पुन्हा प्रशिक्षण झाले. पुन्हा दोन मिनिटे. या वेळी चौघीही बोललो. चुका झाल्या. पुढच्या बाकावर कोणीतरी हसलेही. साधनव्यक्तींनी एकीला प्रश्न विचारला, तो तिला कळला नाही. ती म्हणाली, "प्लीज से अगेन." त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, तिने उत्तर दिले. बस, एवढेच झाले. छत कोसळले नाही. इतकी वर्षे आम्ही ज्याला घाबरत होतो, ते एवढेसे होते.

कॉलेज सोडलेल्या त्या मुलीचे पुढे लग्न झाले. गावातच असते. लग्नकार्यात भेटते, सलाम करते, हसते. तिच्या हसण्यात तक्रार नसते आणि तेच आम्हाला टोचते. आमची इंग्रजी सुधारली, पण ती तिच्या उपयोगी पडली नाही. हा हिशेब आमच्या नावावर तसाच राहणार आहे.

तिची धाकटी बहीण आता आमच्याकडे नववीत आहे. परवा इतिहासाच्या तासानंतर ती विज्ञानाचे पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "टीचर, अमले-तबखीरला इंग्रजीत काय म्हणतात?" इतिहासाच्या टीचरला शब्द आठवेना. ती म्हणाली, "आय डोन्ट नो. लेट अस आस्क." दोघी मिळून विज्ञानाच्या टीचरकडे गेल्या. इव्हॅपोरेशन. मुलीने कान पुढे केला. "से अगेन, टीचर." टीचरने पुन्हा सांगितले. मुलीने तो शब्द आधी मोठ्याने स्वतः उच्चारला, एकदा, दोनदा. मगच तिने मान हलवली.